बाबांचा जुना सागरी चार्ट हॉलमध्ये लावायचाय, लॅमिनेट करू का?

झुवारीकाठ:
बाबा बरीच वर्षं बोटीवर होते. घर रंगवताना त्यांच्या ट्रंकेत मुरगाव बाजूच्या किनाऱ्याचा मोठा ब्रिटिश अ‍ॅडमिरल्टी चार्ट (ब्रिटिश नौदल खात्याचा, समुद्राची खोली दाखवणारा नकाशा) गुंडाळलेला मिळाला, कागद पिवळा पडलाय आणि वर पेन्सिलीच्या रेघा आहेत. फ्रेमवाला म्हणतो रेघा खोडून लॅमिनेट करून देतो. घर चिऱ्याचं, पावसात भिंतींना ओल येते. काय करू?

दीपस्तंभ:
लॅमिनेट अजिबात करू नका, प्लॅस्टिक एकदा गरम करून चिकटवलं की परत निघत नाही. आणि रेघांना रबर लावू देऊ नका हो!! बोट कुठून कशी गेली त्याच्याच त्या खुणा, असा छापील चार्ट दुसऱ्या कोणाकडे असेलही पण या रेघा नसतील. बाबांना शेजारी बसवून प्रत्येक खूण विचारा, लिहून ठेवा आणि तो कागद चार्टसोबत जपा.

जमीन राखाडी छापलीय की पिवळसर? राखाडी असेल तर बहुतेक खोली वाव-फुटांत छापायचे त्या काळातला, १ वाव म्हणजे ६ फूट. पिवळसर असेल तर मीटरवाला. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक वर्षं आणि नंबर असतील, त्या दुरुस्त्यांच्या नोंदी, चार्ट कधीपर्यंत वापरात होता ते त्यावरून कळतं.

मांडवीपार:
आमच्याकडे पण चिऱ्याचंच घर, म्हणून सांगते. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, आतल्या भिंतीवर लावा, फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना कॉर्कचे तुकडे म्हणजे हवा खेळते. काच कागदाला टेकता कामा नये, मधे अ‍ॅसिड-फ्री माउंट (कागदाभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घ्या, नाहीतर पावसात कागद काचेलाच चिकटतो. सेलोटेप नको, डाग कायमचा राहतो. ऊन पडतं तिथे तर नकोच. खरं सांगू, मी असते तर चांगला स्कॅन करून फुल साइज प्रिंट भिंतीवर लावली असती आणि मूळ कागद सपाट, कोरड्या जागी ठेवला असता, कसर लागली की काही हाती राहत नाही.

झुवारीकाठ:
जमीन राखाडीच आहे! बाबा तर रेघा बघून लगेच सांगायलाच लागले, आता वही घेऊन बसतो. प्रिंटच लावतो. एक विचारायचं होतं, ग्रँड बेटाच्या आसपास खोलीच्या आकड्यांखाली एस, एम अशी अक्षरं आहेत ती कसली?

दीपस्तंभ:
समुद्राच्या तळाची. एस म्हणजे रेती, एम म्हणजे चिखल, आर असेल तर खडक. पूर्वी शिशाचं वजन दोरीने सोडून खोली मोजायचे, त्याच्या बुडाला चरबी भरलेली असायची, तळाचं जे काही असेल ते तिला चिकटून वर यायचं. नांगर टाकताना हे माहीत असावं लागतं, रेतीत-चिखलात तो धरतो, खडकावर घसरतो नाहीतर अडकून बसतो. स्कॅन करताना रिझोल्यूशन जास्त ठेवा, ही अक्षरं प्रिंटमध्ये नीट वाचता आली पाहिजेत.