शंकर आबाजी भिसे यांच्या खिळे ओतण्याच्या यंत्राची पेटंटे : मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. मुंबईत जन्मलेले आणि पुढे लंडन व न्यूयॉर्क येथे काम केलेले संशोधक शंकर आबाजी भिसे (१८६७-१९३५) यांच्या छपाईचे खिळे (अक्षरांचे धातूचे ठसे) ओतणाऱ्या यंत्रांच्या पेटंटांची कालानुक्रमे यादी मी करीत आहे. अमेरिकन पेटंटांचे क्रमांक सलग असल्याने ती सहज सापडतात. खरी अडचण ब्रिटिश पेटंटांची आहे, कारण १९१५ पर्यंत तेथे दरवर्षी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होत, आणि मराठी लेखांत बहुधा साल न देता नुसताच क्रमांक छापलेला असतो. अर्जासोबतचे शोधाचे तात्पुरते विवरण आणि नंतरचे पूर्ण विवरण यांपैकी कोणती तारीख यादीत धरावी?

दुसरा प्रश्न यंत्राचा आहे. लायनोटाइप हे यंत्र छपाईची अख्खी ओळ एकसंध ओतते, तर मोनोटाइप हे यंत्र एकेका अक्षराचे सुटे खिळे. भिसे यांचा भर सुटे खिळे झपाट्याने ओतण्यावर होता. शिसे, अँटिमनी व कथील या धातूंचा वितळलेला रस साच्यात गोठून खिळा बाहेर पडेपर्यंतची क्रिया आकृतीवरून मला नीट उलगडत नाही. टाइप फाउंड्रीत (खिळे ओतण्याच्या कारखान्यात) प्रत्यक्ष काम केलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. संबंधित आकृत्या मी पाठवू शकेन.