‘पार्टिझान’ला मराठीत काय म्हणावं?

इटलीतल्या बोलोन्यात, नेपच्यूनच्या कारंज्याजवळ, नगरपालिकेच्या भिंतीवर दोन हजारांहून अधिक पार्टिझानांचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढलेल्यांचे, फोटो आहेत. फॅसिस्टांनी याच भिंतीशी उभं करून अनेकांना गोळ्या घातल्या, वर ‘पार्टिझानांचं उपाहारगृह’ अशी कुचेष्टेची पाटी लावली. २१ एप्रिल १९४५ ला शहर मुक्त झालं आणि घरच्यांनी तिथं फोटो, फुलं आणून ठेवायला सुरुवात केली. सरकारी समारंभ वगैरे नंतर. यावर लिहितोय, पण पार्टिझानला शब्द सापडत नाही. ‘पार्ते’ म्हणजे पक्ष, म्हणून शब्दशः गेलं तर थेट ‘पक्षपाती’! बट्ट्याबोळच.

> ‘भूमिगत’ घ्या की. बेचाळीसमुळे मराठी माणसाला लगेच कळतो. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे लोक भूमिगतच म्हणवले जायचे.

>> शहरात लपून काम करणाऱ्यांना चालेल. पण आपेनाइनच्या डोंगरात उघड टोळ्या करून लढणारे भूमिगत कसले? तिथं ‘गनिमी लढवय्ये’ बरं. फक्त ‘गनीम’ म्हणजे शत्रू, हे भिंतीखाली लिहिताना जरा विचित्र वाटेल.

> आणि मेलेल्यांना काय म्हणायचं? ‘धारातीर्थी पडले’?

>> नको. धार तलवारीची, तिथं हातघाई हवी. इटलीतच १० जुलै १९४४ ला नाईक यशवंत घाडगे पडले. तुकडीतले बाकीचे सगळे गारद झाल्यावर त्यांनी मशिनगनच्या ठाण्यावर एकट्यानं चाल केली, बंदुकीच्या दस्त्यानं शेवटचे दोघे लोळवले आणि मग त्यांना गोळी लागली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते धारातीर्थी. हात बांधून भिंतीशी उभ्या केलेल्याला तो शब्द लावला की मारणाऱ्याचा गुन्हा झाकला जातो, लढाईच झाली असं वाटतं.

>> मग ‘हुतात्मा’. गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या स्मारकावरचे गोवा मुक्तीचे सत्याग्रही निःशस्त्र होते, तरी हुतात्मेच. त्या भिंतीवर लढाईत पडलेलेही आहेत, दोघांना पुरतो.

ठीक. ‘पार्टिझान’ तसाच ठेवतो, पहिल्यांदा येईल तिथं ‘फॅसिस्टांविरुद्ध शस्त्र घेतलेले स्थानिक लोक’ असा खुलासा देतो. फोटोखाली ‘हुतात्मे’, आणि ज्यांना भिंतीशी मारलं त्यांच्याबद्दल सरळ ‘गोळ्या घालून मारलं’.