देवपूर म्हणजे नुसत्या कॉलन्या? मला हे मान्य नाही

पांझराकाठी
देवपूर म्हणजे धुळे शहराचा पांझरा नदीच्या उत्तर काठावरचा भाग. "इतिहास सगळा नदीपलीकडे, जुन्या धुळ्यात. देवपुरात काय, नुसत्या कॉलन्या." हे आपलीच देवपूरची माणसं बोलतात तेव्हा राग येतो. इंग्रजांच्या वेळच्या खानदेश गॅझेटियरमध्ये शहराचे भाग सांगताना नवं धुळं, जुनं धुळं, मोगलाई आणि देवपूर अशी नावं आली आहेत. वाडीभोकर रोडला पहिला प्लॉट पडला त्याच्या कितीतरी आधी हे गाव होतं. एकवीरा देवी याच काठावर आहे. चैत्रातल्या यात्रेत जाऊन बघा: मामाच्या मांडीवर पोर, पोराचा आकांत, न्हावी हात आखडून थांबलेला, आणि आई ओटीचं ताट धरून उभी. खानदेशातली किती घरं जाऊळ काढायला इथेच येतात. माझी मागणी साधी आहे. एकवीरा देवी, मोठा पूल, दत्त मंदिर चौक, नगावबारी अशा ठिकाणी चार-चार ओळींचे मराठी फलक लागावेत.

गल्ली नंबर चार
भाऊ, राग धरू नका, पण जुनं नाव असणं वेगळं आणि तिथे काही घडणं वेगळं. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने १८१९ मध्ये धुळं हे जिल्ह्याचं ठाणं केलं तेव्हा इथे ४०१ घरं आणि २,५०९ माणसं होती. लांबून कारागीर आणले, घरासाठी जागा बिनभाड्याने दिली, बांधायला पैसे उचल दिले, तेव्हा कुठे शहर उभं राहिलं. ते दक्षिण काठाला. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यात वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिकडेच. १९३२ मध्ये विनोबा तुरुंगात गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत, तो तुरुंगही तिकडेच. विश्वेश्वरय्यांनी आखलेल्या आमच्या सरळ गल्ल्या बघायला लोक येतात. देवपुरात काय दाखवणार? चौकाचौकात फलक लावले तर खऱ्या ठिकाणांची किंमत कमी होते.

बारीचा रस्ता
गल्लीवाले दादा, एक दुरुस्ती. ब्रिग्जने नवी पेठ वसवायला घेतली तेव्हा विश्वेश्वरय्यांचा जन्मही झाला नव्हता. ते १८८४ मध्ये नोकरीला लागले. सुरुवातीच्या काळात त्यांनी पांझरेच्या पाटासाठी नळाचा सायफन, म्हणजे पाणी नळातून पलीकडे नेण्याची सोय, बांधला, ते काम खरं आणि मोठं आहे. शहर आखल्याचं श्रेय त्यांना देऊन आपण दोघांवर अन्याय करतो. अशा ऐकीव गोष्टी पसरतात म्हणूनच फलक हवेत, आणि ते तपासूनच लिहिलेले हवेत.

माहेर देवपूर
मी फलकांच्या विरोधात आहे, पण कारण वेगळं. फलक लागला की उद्घाटन आलं, मग कोणाचं नाव वर यावरून भांडण, आणि शेवटी चौकाचंच नाव बदलतं. आज रिक्षात बसून "जीटीपी स्टॉप" म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. सासरहून रात्री एकटी आले तरी या नावांवर घरी पोचते. तोंडातली नावं तशीच राहू द्या. लिहायचंच तर शाळेतल्या मुलांना आजी-आजोबांकडून लिहून आणायला सांगा: पाट कुठून जायचा, मळे कुठे होते, विहिरी कुठे बुजल्या.

पांझराकाठी
ताई, मुलांकडून लिहून घ्यायचं लगेच मान्य. नाव बदलू नये हेही मान्य. पण गल्लीवाले भाऊ, "घडलं" म्हणजे फक्त साहेब आला आणि कचेरी झाली एवढंच का? पांझरेवर फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याचं पाणी पाटाने फडात यायचं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाण्याच्या पाळ्या गावाने ठरवायच्या, पाटकऱ्याने त्या पाळायच्या. ब्रिग्जनेही धुळ्याचं वर्णन पाट आणि नदी यांच्यामधलं, बागायतीने वेढलेलं लहान गाव असंच केलं आहे. त्याच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या त्या या पाण्याच्या जिवावर. हे शेतकऱ्यांनी घडवलं, आणि यात दोन्ही काठ आले.

गल्ली नंबर चार
फडाचा मुद्दा पटला. विश्वेश्वरय्यांचाही. तरी देवपुरात एकवीरेच्या देवळाचा सोडून दुसरा फलक नको, हे माझं मत कायम आहे. महापालिकेचा पैसा आधी गटारी आणि पाण्यावर लागू दे. नकाणे तलाव भरलेला असताना नळाला पाणी येत नाही, तिथे फलक कोण वाचणार?

लहान पुलाजवळ
खर्चाचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून मी एकच फलक मागतो, तोही दोन्ही काठांना. १८७२ च्या पुराने धुळ्यात घरादारांचं मोठं नुकसान केलं होतं. आजही अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं की आम्हाला काठावरून हटायला सांगतात. तरी नदीला लागून प्लॉट विकले जातात आणि घेणाऱ्याला पूर कुठवर येतो ते कोणी दाखवत नाही. पुलाच्या खांबावर पूररेषा रंगवा, वर्ष लिहा. माझ्या घराची किंमत उतरली तरी चालेल.