मदत हवी आहे: ३५० सीसी बाइकला १४ एएचऐवजी ९ एएच बॅटरी चालेल का?

किकवाला: सिंगल सिलिंडर, सेल्फ-किक दोन्ही. बॅटरी १२ व्होल्ट १४ एएच (अँपिअर-अवर), चार वर्षं जुनी. सकाळी सेल्फला नुसती कट-कट, किकला लगेच चालू. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुकानदारानं ९ एएच सुचवली, स्वस्त आहे, ट्रेमध्ये बसते. घेऊ का?

मल्टीमीटर: दादा, आधी मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट हवेत. १२.२ च्या खाली असेल तर पूर्ण चार्ज करून मगच निकाल लावा. प्रोब टर्मिनलवर धरून सेल्फ दाबा. भरलेली बॅटरी ९.५ च्या खाली कोसळली तर ती गेली. आकडा १२ च्या आसपासच राहिला आणि तरी कट-कट, तर करंट मोटरपर्यंत जात नाही. रिले, वायर, अर्थिंग बघा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या केसपर्यंत सेल्फ दाबताना अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थिंगचा बोल्ट सोडून पॉलिश पेपरनं घासा. आपल्याकडच्या पावसात तिथं गंज धरतोच.

किकवाला: आणि ९ एएच?

मल्टीमीटर: तो नाद नको. तरी नुसत्या एएचवर जाऊ नका. एएच म्हणजे साठा. सेल्फला लागतो एकदम उचललेला करंट, तो सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर) सांगतो: उणे १८ अंशाला ३० सेकंद, ७.२ व्होल्ट राखून किती अँपिअर. कोल्हापुरात ती थंडी कुठली, पण दोन बॅटऱ्या ताडून बघायला आकडा बरा. बॅटरीची मॉडेलं बघा: वायटीएक्स१४ ला साधारण २००, वायटीएक्स९ ला १२०-१३५. उलट वायटीझेड१०एस फक्त ८.६ एएच, तरी १९० च्या आसपास. लेबलवर सीसीए छापलेलाच नसेल तर मूळ एएचच्या खाली उतरू नका.

पाना_१०: पॉझिटिव्ह कुठल्या बाजूला आहे तेही जुळवा, नाहीतर वायर पुरत नाही. उत्पादनाचा महिना वाचा. दुकानातच मोजा, सीलबंद बॅटरी १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. चार्जिंग १.४ अँपिअरनं, कारच्या मोठ्या चार्जरवर नको. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह.

मल्टीमीटर: बसवल्यावर हेडलाइट लावून रेस द्या, बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) बदला, नाहीतर नवीही उकळेल. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख तिथंच मारून घ्या.

किकवाला: मीटर मिळाला. उद्या सकाळी थंड गाडीचे आकडे टाकतो.