मदत हवी आहे: ऑनलाइन विक्रीच्या एंट्र्या हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरमध्ये आपोआप कशा चढवायच्या?

गांधीबाग_साडी: एक्सेल टॅलीत चढवतो, पण विक्री जुळतच नाही. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरायचं आहे. लवकर सांगा.

महाल_अकाउंट्स: भाऊ, एक्सेल कोणती? विक्रीच्या पोर्टलचा टॅक्स रिपोर्ट (विक्री आणि जीएसटीचा) की सेटलमेंट (कापून हाती आलेल्या पैशांचा)? आणि विक्री म्हणून कोणता आकडा घेता?

गांधीबाग_साडी: सेटलमेंटची. बँकेत जमा होतो तोच आकडा.

महाल_अकाउंट्स: घोळ तिथेच आहे. ५% जीएसटीची साडी १,०५० ला गेली. १०० कमिशन, त्यावर १८ जीएसटी, ५ टीसीएस (पोर्टलने कापलेला जीएसटी), १ टीडीएस (कापलेला इन्कम टॅक्स) जाऊन हाती ९२६ येतात. तुम्ही ९२६ ची विक्री दाखवता, म्हणजे विक्री कमी लागली, १८ चं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) गेलं आणि कापलेले ६ हिशेबातच नाहीत. विक्री टॅक्स रिपोर्टवरून विक्रीच्या पोर्टलच्या नावे टाका. कमिशन, टीसीएस, टीडीएस आणि बँक जमा त्याच खात्यात सेटलमेंटवरून वळती करा. खात्यात उरेल ते पोर्टलकडून येणं.

बर्डी_सेलर: टॅली सोडा, झोहो बुक्स घ्या. आणि टीसीएस १% असतो, १० कापायला हवे.

महाल_अकाउंट्स: १० जुलै २०२४ पासून ०.५% आहे. ऑनलाइन विक्रीवरचा टीडीएसही १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१%. आणि सेटलमेंटचाच आकडा विक्रीत टाकला तर झोहोतही हाच घोळ होईल.

धरमपेठ_बुटिक: साडीचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा. रंग खरा दिसला की रिटर्न कमी येतात.

गांधीबाग_साडी: फोटोचं नंतर बघू हो. दोन्ही फाइली जोडतोय, पण ऑर्डर आयटम आयडीच्या (ऑर्डरमधल्या प्रत्येक वस्तूचा नंबर) शेवटी शून्यच शून्य.

इतवारी_एक्सेल: एक्सेल १५ अंकच धरतं, पुढचे शून्य करतं. तशी सेव्ह केलेली फाइल गेलीच, नवी डाउनलोड करा. डबल क्लिकने उघडू नका. डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने पॉवर क्वेरीत (एक्सेलमधलंच डेटा जोडायचं साधन) घ्या, ‘चेंज्ड टाइप’ची पायरी काढा आणि आयडीचा कॉलम टेक्स्ट करा. जोडताना ऑर्डर आयडी नको, आयटम आयडीच घ्या. नाहीतर एका ऑर्डरमध्ये दोन साड्या असल्या की रक्कम दुप्पट येते.

बर्डी_सेलर: एवढा खटाटोप दर महिन्याला?

इतवारी_एक्सेल: क्वेरी एकदाच बांधायची. नंतर फोल्डरमध्ये जुन्या फाइलच्या जागी त्याच नावाने नवी फाइल टाकून ‘रिफ्रेश ऑल’.

गांधीबाग_साडी: मागच्या महिन्यात विकलेली साडी या महिन्यात परत आली तर?

महाल_अकाउंट्स: या महिन्यात क्रेडिट नोट (विक्री कमी करणारी एंट्री). जुनी विक्री खोडू नका, भरलेल्या जीएसटी रिटर्नशी मेळ तुटतो. आणि टीसीएस जीएसटी पोर्टलवर ‘टीडीएस अँड टीसीएस क्रेडिट रिसीव्ह्ड’मध्ये जाऊन स्वीकारा, त्याशिवाय तो तिथल्या तुमच्या कॅश लेजरमध्ये (जमा खात्यात) येत नाही.