मदत हवी आहे: सिग्नल आणि वाहतूक नियोजन नीट शिकायला काय वाचू?

नमस्कार मंडळी. मी सिव्हिल डिप्लोमाधारक, सध्या एका शहराच्या सिग्नल देखभालीच्या कामावर आहे. आता चौकांचं टायमिंग ठरवण्याचं कामही माझ्याकडे आलंय आणि ते मला मनापासून नीट शिकायचंय.

इंडियन रोड्स काँग्रेसचं सिग्नलविषयीचं मार्गदर्शक पुस्तक, आयआरसी ९३, वाचलं. सिग्नलची सायकल, म्हणजे सगळ्या बाजूंना एकदा हिरवा मिळून होणारी पूर्ण फेरी, किती सेकंदांची ठेवायची ते काढायचं वेबस्टरचं १९५८ चं सूत्रही समजलं. पण ऐन गर्दीत चारही बाजूंनी रस्ते तुडुंब भरले, की सूत्रातला भार (येणाऱ्या वाहनांचं, सतत हिरवा असता निघू शकणाऱ्या वाहनांशी गुणोत्तर) १ च्या जवळ जातो आणि सायकल वाट्टेल तेवढी लांब येते. शिवाय आपल्याकडे दुचाक्या गाड्यांच्या फटीतून थेट स्टॉप लाइनच्या पुढे येऊन थांबतात. हिरवा लागताच पहिल्या काही सेकंदांत त्यांचा लोंढा निघून जातो, मग पीसीयू (एक वाहन किती कारइतकं मोजायचं तो आकडा) नक्की कसा धरायचा? यासाठी सीएसआयआर-सीआरआरआय या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचं २०१७ चं इंडो-एचसीएम, म्हणजे भारतीय रस्त्यांच्या क्षमतेवरचं मार्गदर्शक पुस्तक, चाळतोय, पण सोडवलेली उदाहरणं जास्त असलेलं काही मिळालं तर फार बरं होईल.

एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचा ट्रॅफिक इंजिनिअरिंगचा कुठला कोर्स नोकरी सांभाळून झेपेल? आणि रस्ता खोदकामाच्या वेळी वाहतूक वळवण्यासाठी आयआरसी एसपी ५५ हे मार्गदर्शक पुस्तक आहे, त्याचं मराठीतलं सोपं प्रशिक्षण साहित्य कुणाकडे आहे का? बॅरिकेड आणि कोन लावणाऱ्या मजुरांना आधी तेच लागतं. त्यांचा जीव रस्त्यावर असतो.

वाहतूक शाखेत किंवा कंट्रोल रूममध्ये काम केलेल्यांनी कृपया सांगा, तुम्ही सुरुवात कशापासून केली होती?