मदत हवी आहे: लांबून छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा हे दोन चिखलपक्षी कसे ओळखता?

पाणथळ अभयारण्यात सध्या स्थलांतरित चिखलपक्षी उतरले आहेत. शेकाट्या लगेच कळतो, चिखल्याही जमतो. घोडं अडतं ते टिलव्यांपाशी. हिवाळी पिसाऱ्यात दोघेही करडे, आकार चिमणीएवढा, आणि लपणगृहापासून (पक्षी बघायच्या आडोशापासून) थवा बराच लांब.

पुस्तकं सांगतात, पाय बघा: छोट्याचे काळे, टेमिंकचे पिवळट-हिरवे. पण चिखलात बरबटलेल्या पायांचा रंग दिसणार कसा? छातीचा फरक जास्त उपयोगी वाटतो. छोट्याची पांढरी, टेमिंकची तुतवार या दुसऱ्या चिखलपक्ष्यासारखी सलग करडी. वागण्यातही फरक आहे: छोटा उघड्या चिखलावर सारखा धावत टोचे मारतो, टेमिंक गवताच्या कडेने दबकत, सावकाश चरतो. उडताना टेमिंकच्या शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसतात म्हणे, पण तेवढा वेळ देतो कोण!

तर अनुभवी मंडळींनो, मिश्र थव्यात नुसत्या वागण्यावरून नोंद करणं कितपत सुरक्षित? की आवाज ऐकल्याशिवाय 'टिलवा, जात अनिश्चित' असंच लिहावं? मला दुसरं प्रामाणिक वाटतं.

आणखी एक. भरतीचं पाणी चढलं की पक्षी जवळच्या उंचवट्यावर गोळा होतात. पूर्ण भरतीच्या किती आधी लपणगृहात बसावं, म्हणजे ते बिचकणार नाहीत? शिवाय दुपारी गरम हवेच्या लहरींमुळे स्पॉटिंग स्कोपमध्ये (पक्षी बघायच्या दुर्बिणीत) सगळं थरथरतं. अशा वेळी तुम्ही झूम किती ठेवता?